हॅम्लेटला वेडा ठरवायची घाई

गोव्यातल्या हौशी नटमंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. दावा असा, की शेक्सपियरच्या नाटकातला डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट (काकाने त्याच्या वडिलांचा खून करून गादी बळकावलेली) वेडाचं सोंग करत नव्हता, तो खरोखरच वेडा झाला होता. खाली चार पुरावे: वडिलांचं भूत त्यालाच दिसतं, तो राजाचा मंत्री पोलोनियसला विनाकारण मारतो, सोंगाला काही कारणच नाही आणि शेवटी तो स्वतः वेडाची कबुली देतो. हे वाचून उद्या कुणी कला अकादमीच्या स्पर्धेत हॅम्लेट उभा केला, तर केस पिंजारून डोळे गरागरा फिरवणारा राजपुत्र तीन तास बघावा लागेल.

भूत त्यालाच दिसतं, हे साफ चूक. हॅम्लेट रंगमंचावर येण्याआधीच, पहिल्या प्रवेशात, दोन पहारेकरी आणि त्याचा मित्र होरेशियो ते पाहतात; होरेशियोचा तर भुतावर विश्वासही नव्हता. आईच्या दालनात मात्र ते आईला दिसत नाही, हे खरं. पण तिथेच तो तिला सांगतो, माझी नाडी बघ, आत्ता बोललो ते पुन्हा जसंच्या तसं बोलून दाखवतो. वर बजावतो, हे सोंग आहे हे राजाला कळू देऊ नकोस.

पोलोनियसचं थोडक्यात. पडद्याआड राजा आहे असं समजून तो तलवार खुपसतो. हा संताप आणि उतावीळपणा. पोलोनियस मेल्याचं त्याला फारसं दुःख होत नाही, हा निर्दयपणा. यात वेड कुठे आलं?

सोंगाला कारण नाही, हा मुद्दा मात्र चांगला आहे. डॅनिश इतिहासकार सॅक्सोने सुमारे १२०० साली लिहिलेल्या मूळ कथेत काकाने केलेला खून जगजाहीर असतो, म्हणून जीव वाचवायला मुलगा वेडा बनतो. शेक्सपियरने खून गुप्त केला आणि सोंग तसंच ठेवलं. त्यामुळे संशय टळायचा तो उलट वाढला. बेत फसवा आहे, मान्य. पण बेत त्याचाच! आगरकरांनी केलेलं हॅम्लेटचं भाषांतर ‘विकारविलसित’ (१८८३) मिळालं तर ते उघडा, नाहीतर मूळ नाटक. भूत भेटल्यावर लगेच तो मित्रांना शपथ घालतो, की मी विचित्र वागलो तरी तुम्ही काही जाणता असं दाखवू नका. वेड लागण्याची आगाऊ सूचना कोण देतो?

शिवाय हे वेड माणूस बघून येतं. पोलोनियससमोर येतं, हेरगिरीला आलेल्या दोन मित्रांसमोर येतं. होरेशियोसमोर तो शुद्धीवर. नटांना तर अभिनयाचे असे धडे देतो (हाताने हवा कापत बसू नका वगैरे) की आपल्या जत्रेतल्या नाटकांच्या तालमीतही ते वाचून दाखवावेत. लपून ऐकणारा काका, राजा क्लॉडियसही म्हणतो, बोलणं थोडं विस्कळीत होतं, पण वेड्याचं वाटलं नाही. याच नाटकात खरं वेड आहे, ते पोलोनियसच्या मुलीचं, ऑफिलियाचं. ती गाणी म्हणते, फुलं वाटते. समोर राणी आहे, राजा आहे की सख्खा भाऊ, तिला फरक पडत नाही. तिला कुणापासून काही लपवायचं नाही आणि कुणाला काही कळावं अशी इच्छाही नाही. ती बाजूला ठेवलीत तरच हॅम्लेट वेडा दिसेल.

राहिली कबुली. शेवटच्या द्वंद्वाआधी हॅम्लेट ऑफिलियाच्या भावाला, लेअर्टीसला म्हणतो, तुझ्यावरचा अन्याय हॅम्लेटने नाही, त्याच्या वेडाने केला. हा पुरावा सर्वांत भारी, कारण एकतर तो इथे खोटं बोलतोय किंवा आईला बोलला ते खोटं होतं. माझ्या मते तो इथे खोटं बोलतो. राजा-राणी आणि सगळा दरबार समोर आहे, वडिलांच्या खुनाचा सूड अजून बाकी आहे. सोंगाची कबुली देणं त्याला परवडणार नव्हतं. शूर माणसाने असत्याचा आडोसा घ्यावा, हे अठराव्या शतकात इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सनलाही रुचलं नव्हतं. हॅम्लेटने दुसरा काही बचाव करायला हवा होता, असं त्याने लिहून ठेवलंय. पण नायकाला खोटारडा म्हणायचं जिवावर येतं म्हणून त्याला वेडा ठरवायचं, ही कुठली तऱ्हा?