तो काळिमा ‘गोड’ आहे
बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेवरचा एक लेख वाचला. कवितेतला काळा डोह म्हणजे मृत्यूच, असं त्या लेखात ठामपणे म्हटलंय. मला ते पटत नाही. १९१८ साली ऐन तारुण्यात बालकवी रेल्वे अपघातात गेले, म्हणून तर आपण त्यांच्या ओळींत मागाहून मरण शोधत नाही ना? कविता अवघ्या आठ ओळींची. हिरवा, निळा, पांढरा असे रंग ओलांडत ती काळ्या डोहाकडे जाते, हे खरं. पण तिथला काळिमा ‘गोड’ आहे! हा शब्द लेखात कुठेच आला नाही, याचं फार वाईट वाटलं. आणि औदुंबर तर पाण्यात पाय टाकून निवांत बसलाय. लहानपणी आमच्या ओढ्याकाठच्या उंबराखाली संध्याकाळी अशीच उदासी दाटून यायची. भीती मात्र कधी वाटली नाही, उलट तिथून उठवत नसे.