सतरा ह्रिव्नियांचं अंडं

"तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस."

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य माझ्यासाठी पडलं ती ८ मे २०२५ची रात्र. ठाण्यात साडेअकरा वाजले होते, इथे न्यू जर्सीत दुपारचे दोन. मी ऑफिसात उशिराचा डबा उघडून बसले होते. कराची बंदर बेचिराख झाल्याच्या क्लिपा ग्रुपवर धडाधड येत होत्या, वाहिन्यांवरचे निवेदक घसा फोडून ओरडत होते. मी फक्त एवढंच लिहिलं की ही बातमी मला आणखी कुठेच दिसत नाहीये, पुढे पाठवण्याआधी सकाळपर्यंत थांबूया का? सकाळी कराची बंदर जागच्या जागी होतं. ग्रुपवर त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कुणीतरी हापूसच्या पेटीचा भाव विचारला आणि विषय संपला.

राग मला कळत होता. पहलगामला २२ एप्रिलला जे २६ जण मारले गेले, त्यांत डोंबिवलीचे तिघे होते, नवीन पनवेलचे एक. आमचा निम्मा वर्ग आता डोंबिवली-कल्याणला नाहीतर घोडबंदर रोडला राहतो. त्यांच्या लोकलच्या डब्यापर्यंत आलेलं दुःख होतं ते. माझ्यापर्यंत ते फोनच्या पडद्यावरून आलं. म्हणून ते वाक्य मी गिळलं. पचलं मात्र नाही, कारण त्यातलं अर्धं खरं आहे.

परदेशातल्या माणसाला युद्ध फार स्वस्त पडतं, हे ते खरं अर्धं. भारत-पाकिस्तान लढाईच्या त्या चार दिवसांत "आता थांबू नका, एकदाच काय ते उरका" असं सर्वांत मोठ्याने म्हणणारे आमच्या इथल्या मंडळातले होते, ज्यांच्या मुलांना फार तर सॉकरच्या मैदानावर खरचटतं. १० मेला शस्त्रसंधी झाली तेव्हा सर्वांत जास्त हिरमुसलेही तेच. लांबून केलेल्या देशभक्तीला रेशनची रांग नसते, ब्लॅकआउट नसतो. तेव्हा "तिकडे बसून" हा टोमणा आम्हाला बसायलाच हवा. फक्त तो बसायला हवा होता युद्धाचा ढोल वाजवणाऱ्याला, आणि बसला बातमीची खातरी करू म्हणणारीला.

दुसरं अर्धं मला शेजारच्या आजींनी समजावलं. समजावलं म्हणजे काय, त्यांनी त्यांचा पेपर वाचायला दिला.

आमचं गाव पार्सिपनी. रूट ४६ वर कढीपत्त्यापासून कोकमापर्यंत सगळं मिळतं, दसऱ्याला झेंडूसुद्धा. आजी युक्रेनियन. जन्म १९४७चा, जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीतला. आईवडील बोटीने न्यू यॉर्कला उतरले तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या. त्यांच्याकडे दर आठवड्याला दोन वर्तमानपत्रं येतात: युक्रेनियन भाषेतलं 'स्वोबोदा' आणि इंग्रजीतलं 'युक्रेनियन वीकली'. पहिलं त्या ठेवून घेतात, दुसरं वाचून झालं की माझ्याकडे येतं. या वर्तमानपत्रांचं ऑफिस कित्येक वर्षं आमच्याच गावात, रूट १० वर होतं. मी रोज तिथून गाडी हाकत गेले आणि मला पत्ता नव्हता.

'स्वोबोदा' म्हणजे स्वातंत्र्य. पहिला अंक जर्सी सिटीत सप्टेंबर १८९३ मध्ये निघाला. हे वाचून मी उडालेच, कारण १८९३ हा आकडा ठाण्याच्या माणसाला पाठ असतो: आमच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या पाटीवर तो आहे. तिकडे विनायक लक्ष्मण भावे आणि मंडळी ठाण्यात मराठी पुस्तकं गोळा करत होती, त्याच वर्षी इकडे एक पाद्री कोळशाच्या खाणीतल्या मजुरांसाठी त्यांच्या भाषेत पेपर काढत होता. पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, त्या वाचकांनी पेनसिल्व्हेनियातल्या शामोकिन या खाणीच्या गावात एक संस्था काढली. ती मुळात विम्याची संस्था. खाणीत माणूस गेला तर त्याच्या बायकोला पैसे मिळावेत म्हणून सगळ्यांनी थोडेथोडे भरायचे. आपली पतपेढी आणि भिशी यांच्या मधलं काहीतरी समजा. ही संस्था आजही आहे आणि दोन्ही वर्तमानपत्रं तीच काढते. म्हणजे बातमीचा खर्च विम्याच्या गल्ल्यातून. वाचक हाच सभासद, आणि सभासद म्हटलं की तो सभेत उभा राहून संपादकाला चार गोष्टी सुनावणारच.

इंग्रजी 'वीकली' निघालं ६ ऑक्टोबर १९३३ला. त्या वर्षी युक्रेनमध्ये स्तालिनच्या धोरणाने माणसं उपाशी मरत होती; इतिहासकारांचा आजचा अंदाज ३५ ते ४० लाखांचा आहे. आणि 'न्यू यॉर्क टाइम्स'चे मॉस्कोतले बातमीदार वॉल्टर ड्युरांटी, आदल्याच वर्षीचे पत्रकारितेच्या पुलित्झर पुरस्काराचे मानकरी, ३१ मार्च १९३३च्या अंकात लिहीत होते की रशियातले लोक भुकेले आहेत, पण भुकेने मरत नाहीयेत. जगातल्या सर्वांत वजनदार पेपरने दुष्काळ नाही म्हटलं. जर्सी सिटीतल्या लोकांना मात्र गावाकडची पत्रं येत होती. ती पत्रं आणि ती बातमी इथे जन्मलेल्या, युक्रेनियन नीट न वाचता येणाऱ्या पोरांपर्यंत आणि अमेरिकनांपर्यंत पोचावी म्हणून हे साप्ताहिक.

या पेपरांची आरती ओवाळायची नाही मला. आजी सांगतात, छावणीतून आलेल्यांच्या गटबाजीत वर्षानुवर्षांचे अंक नासले; त्यांच्या वडिलांनी एकदा रागाने वर्गणी बंद केली होती, सहा महिन्यांनी गुपचूप परत सुरू केली, कारण कोण वारलं हे कळेना. अर्ध्या पेपरात मृत्यूच्या बातम्या, उरलेल्यात चर्चच्या जेवणावळी.

तरी २०२२ नंतरचे अंक मी चाळते तेव्हा हेवा वाटतो.

२५ फेब्रुवारी २०२२ची ती चित्रफीत आठवत असेल. आक्रमणाचा दुसरा दिवस, रात्रीचं कीव, आणि झेलेन्स्की चार सहकाऱ्यांसह रस्त्यावर उभे राहून सांगतायत की आम्ही सगळे इथेच आहोत. मालिकेत राष्ट्राध्यक्ष झालेला विनोदी नट २०१९ मध्ये ७३ टक्के मतं घेऊन खरोखरचा राष्ट्राध्यक्ष झाला, याची जगाने थट्टा केली होती. ती त्या अर्ध्या मिनिटात संपली. युद्धातल्या नेतृत्वाचा पहिला धडा एवढाच आहे की पळायचं नाही. आजींनी झेलेन्स्कींना मत दिलेलं नाही, देऊ शकत नाहीत, त्यांना ते आवडतही नव्हते. त्या रात्री त्या रडल्या.

पण युद्ध लांबलं. २१ जानेवारी २०२३ला युरी निकोलोव या कीवच्या पत्रकाराने छापलं की संरक्षण मंत्रालयाने सैन्याच्या जेवणासाठी एक अंडं १७ ह्रिव्नियांना (ह्रिव्निया हे तिथलं चलन) ठरवलंय. कीवच्या दुकानात तेच तेव्हा सातच्या आसपास मिळत होतं. मंत्री म्हणाले, तांत्रिक चूक आहे. देशभर बॉम्ब पडतायत, सगळ्या मोठ्या वाहिन्या सरकारच्या पुढाकाराने एकत्र येऊन एकच कार्यक्रम दाखवतायत, मदत देणारे देश बिथरतील ही भीती आहे, मॉस्कोच्या हातात आयतं कोलीत मिळणार आहे. अशा वेळी अंड्याचा भाव छापायचा? त्यांनी छापला. तीन दिवसांत उपमंत्री गेले, सप्टेंबरमध्ये मंत्री रेझ्निकोवही बदलले गेले.

आमच्या शेजारच्या व्हिपनी गावात युक्रेनियनांचं सांस्कृतिक केंद्र आहे. जखमेतलं रक्त थांबवायचे पट्टे, बॅटऱ्या, लोकरीचे मोजे वगैरेंची खोकी आजी तिथे बांधत. एक शनिवार मीही गेले. मी आपली साळसूदपणे विचारती झाले, अशा वेळी सरकारचे वाभाडे काढलेले तुम्हाला खटकत नाहीत? त्यांनी चिकटपट्टी दाताने तोडली आणि म्हणाल्या, "माझ्या पट्ट्याचे पैसे कुणाच्या अंड्यात गेले, हे मला कळायला नको?"

पुढचंही सांगायला हवं. जुलै २०२५ मध्ये झेलेन्स्कींनी भ्रष्टाचारविरोधी तपास यंत्रणांची स्वायत्तता काढून घेणाऱ्या कायद्यावर सही केली. युद्धकायदा लागू असताना, हवाई हल्ल्यांचे भोंगे वाजत असताना तरुण पोरं पुठ्ठ्यांवर घोषणा लिहून रस्त्यावर आली. नऊ दिवसांत कायदा फिरवावा लागला. नोव्हेंबरमध्ये त्याच यंत्रणांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख आंद्री येरमाक यांच्या घराची झडती घेतली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. २०२२च्या त्या चित्रफितीत झेलेन्स्कींसोबत उभ्या असलेल्यांपैकी ते एक. मुदत संपूनही युद्धामुळे निवडणूक होऊ शकत नाही अशा देशात हिशेब मागण्याच्या उरलेल्या जागा या एवढ्याच होत्या, आणि लोकांनी त्या सोडल्या नाहीत. आजींचा पेपर हे सगळं देत होता. पहिल्या पानावर रणगाडे मागणारं आवाहन, आत येरमाक.

डिसेंबरात ठाण्याला गेले होते. तलावपाळीला ज्या मित्राने मला "शिकवू नकोस" म्हटलं होतं तोच भेटला, चहा त्यानेच पाजला, वाद तोच पुन्हा. "अगं, युद्धात प्रश्न विचारले की शत्रूचं फावतं. युक्रेनचं सोड, आपलं वेगळं आहे."

घरी नौपाड्यात बाबांना हे सांगितलं. बाबा शहाऐंशीचे. सकाळी आधी 'ठाणेवैभव', मग बाकीचे पेपर, हा क्रम कधी चुकला नाही. ते म्हणाले, "वेगळं कसलं? बासष्टला तुझ्या आजीने हातातली पाटली काढून संरक्षण निधीला दिली. आणि घरी येऊन संरक्षणमंत्री कृष्ण मेननला ज्या शिव्या घातल्यात, त्या मी त्याआधी तिच्या तोंडून ऐकल्या नव्हत्या."

पाटली आणि शिव्या, दोन्ही एकाच दिवशी. तारखा तपासल्या तर तेव्हाचं दिल्लीतलं वागणंही असंच आहे. चिनी हल्ला सुरू झाला २० ऑक्टोबर १९६२ला. तरुण वाजपेयींसह विरोधकांनी संसद बोलवा म्हटलं आणि नेहरूंनी ती बोलावली. ८ नोव्हेंबरला, लढाई चालू असताना, लोकसभेत चर्चा सुरू झाली. मेनन यांना त्याआधीच जावं लागलं होतं. त्यांच्या जागी यशवंतराव गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपल्याला मिळालं. आपण ते वाक्य अभिमानाने म्हणतो. सह्याद्रीला धावावं का लागलं, तर प्रश्न विचारून एक मंत्री खाली उतरवला होता म्हणून, हे मात्र म्हणत नाही. पुढच्या ऑगस्टात आचार्य कृपलानींनी नेहरूंवर अविश्वास ठराव आणला, स्वतंत्र भारतातला पहिला. तो पडला. पडणारच होता.

आणि २०२५? विरोधकांनी खास अधिवेशन मागितलं, ते झालं नाही. आपली विमानं पडली हे भारताच्या संरक्षण दलप्रमुखांनी पहिल्यांदा मान्य केलं ते ३१ मेला सिंगापुरात, एका परदेशी वाहिनीशी बोलताना. लोकसभेत चर्चा झाली जुलैच्या अखेरीस. सैन्याने कारवाई चोख केली असेल, मी त्यातली तज्ज्ञ नाही. पण ठाण्यातल्या माणसाला ही गोष्ट दिल्लीतून, मराठीतून, आधी कळायला हवी होती, आणि असं म्हणणं म्हणजे शत्रूचं फावणं हे मला अजूनही पटत नाही.

मला जास्त बोचतं ते आमचं, इथल्यांचं. आम्हा मराठी माणसांकडे इकडे साहित्य भरपूर आहे. टोरांटोहून 'एकता' निघतं, बृहन्महाराष्ट्र मंडळाचं वृत्त येतं, गणपतीला स्मरणिका निघते आणि तिच्यात अध्यक्षांचं मनोगत दोन पानं. बातमी मात्र नाही. भारतीयांचा म्हणून जो पेपर घरोघरी जायचा, १९७० साली न्यू यॉर्कला निघालेला 'इंडिया अब्रॉड', त्याची छापील आवृत्ती २०२० मध्ये बंद पडली. आम्हाला फारसं कळलंही नाही, हातात फोन होता ना. जे ठाणं १८६६ साली 'अरुणोदय' काढत होतं, तिथली आम्ही माणसं आता बातमी म्हणजे जी "फॉरवर्डेड मेनी टाइम्स" अशी खूण घेऊन येते ती, असं समजतो. तिला ना संपादक, ना पत्ता, ना चुकीची दुरुस्ती. कराचीचं बंदर कोणी बुडवलं आणि परत कोणी वर काढलं, विचारायला जायचं कुणाकडे?

संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. महिन्याला चार पानं, छापील, बातम्यांची. इथल्या शाळा, व्हिसा, कोण आजारी, कोण गेलं, आणि तिकडचं जे खातरी करून सांगता येईल ते. खजिनदारांनी विचारलं, जाहिरात कोण देणार? इडलीचं पीठ विकणाऱ्या बाईंनी पाव पान घेतलं. एका काकांनी बजावलं, राजकारण नको. दुसऱ्यांनी विचारलं, मग बातमी कशाची छापणार? त्यावरून तासभर भांडण झालं, जे मला शुभचिन्ह वाटलं.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "नाव काय ठेवताय ते नंतर सांग," म्हणाले. "चुकीचं छापलं तर लोक भांडायला कुणाच्या दारात येणार, ते आधी सांग."

मी माझा पत्ता सांगितला.