माझ्याच भाषणात मी नापास

गेल्या शनिवारपासून आमच्या शाळेत माझा विकास लाल आहे. संगणकाच्या पडद्यावर बाकी एकवीस जणांच्या नावापुढे हिरवी पट्टी, माझ्यापुढे लाल आणि तिच्यात ‘विकास अपूर्ण’. स्टाफरूममध्ये जो तो येऊन विचारतोय, ‘‘काय सर, विकास खुंटला म्हणे?’’ चोवीस वर्षं सर्व्हिस झाली. आता खुंटणार नाही तर कधी?

संस्थेनं यंदा शाळा व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर घेतलंय. हजेरी, फी, निकाल आहेतच, वर ‘कर्मचारी विकास’ आणि ‘शाळा सुधारणा’ असे दोन कप्पे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलंय, ते तास हे यंत्र मोजतं. माझे ४८ भरले होते. उरलेले दोन म्हणजे ‘वाचनात मागे पडणारी मुले’ हे सत्र. त्याला मी हजर होतो. नुसता हजर नाही, दोन तास मीच बोलत होतो. घसा बसला म्हणून रात्री हळद-दूध घेतलं.

हेल्पलाइनवरच्या पोरानं शांतपणे समजावलं, ‘‘सर, तुमची नोंद सुलभक म्हणून आहे. प्रशिक्षण देणाऱ्याला प्रशिक्षण मिळालं, असं सिस्टीम धरत नाही.’’ तसं यात तथ्य आहे. प्रशिक्षण देऊन काहीच न शिकलेली माणसं मी पाहिलीत. उपाय काय, तर रेकॉर्डिंग पाहायचं, खालचे दहा प्रश्न सोडवायचे, ७० टक्के पडले की हिरवं.

सोमवार-मंगळवारचे ऑफ तास घालवून मी माझंच भाषण ऐकलं. शत्रूवरही ही वेळ येऊ नये. मी दर वाक्याला ‘काय आहे ना’ म्हणतो, हे चोवीस वर्षांत एकाही पोरानं मला सांगितलं नव्हतं. मागे नकला नक्की केल्या असणार. पुढे पळवायची सोय नाही. दुसरी खिडकी उघडली की व्हिडिओ थांबतो. शेवटी एकदाची चाचणी दिली. ६० टक्के.

‘‘किती पडले?’’ मामांनी चहा ठेवत विचारलं.

‘‘साठ.’’

‘‘मला नव्वद पडले.’’

मामा म्हणजे आमचे शिपाई. सॉफ्टवेअरमध्ये ‘कर्मचारी’ असा एकच रकाना होता, हेडमास्तरांनी सगळ्यांची नावं त्यात टाकली. तेव्हापासून मामांचाही विकास चालू आहे.

‘‘कुठला चुकला?’’

‘‘चौथा. ‘सुलभकांच्या मते मुले वाचनात मागे पडण्याचे प्रमुख कारण कोणते?’ मी ‘सरावाचा अभाव’ टाकलं.’’

‘‘चूक हाय.’’

‘‘अहो मामा, सुलभक मी आहे! माझं मत मला माहीत नसणार?’’

‘‘तुमचं मत असंल. सुलभकांचं न्हाई.’’

‘‘मग त्यांचं काय मत आहे?’’ मी विचारून बसलो, आणि कुणाबद्दल विचारतोय ते लक्षात येऊन चहा ओढला.

‘‘वरील सर्व,’’ मामा म्हणाले. ‘‘सर, जिथं ‘वरील सर्व’ असतंय तिथं डोळं झाकून तेच दाबायचं. माझी सहा उत्तरं त्यातच बसली.’’

‘‘आणि बाकीची तीन?’’

‘‘ती ऐकून. त्या दिवशी प्रोजेक्टरची वायर धरून दोन तास मीच हुबा होतो न्हवं का? सोडली की चित्र जायचं. दुसरं काम न्हवतं, मग ऐकलं.’’

म्हणजे माझं सत्र मन लावून ऐकणारा तो एकच माणूस. बाकीचे वीस जण त्या वेळी मोबाइलवर याच सॉफ्टवेअरमध्ये हजेरी भरत होते.

‘‘प्रमाणपत्र बी आलंय,’’ मामा जाता जाता म्हणाले. ‘‘नातवानं फ्रेम केलीय. एखादा तास द्या की मला.’’

हसून सोडून दिलं असतं, पण सोडवत नाही. कारण कल्पना वाईट नाही. शाळेनं स्वतःला तपासावं यात गैर काय? शाळांनी स्वतःचं मूल्यमापन करण्यासाठी ‘शाळा सिद्धी’ म्हणून सरकारी उपक्रम आहे, त्याच्या आराखड्यात ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं आहेत, आणि तपासून झालं की सुधारणेचा आराखडा करायचा असतो. खरं काम तिथून पुढे. जुलैत मी सहावीची वाचन चाचणी घेतली. ४३ पैकी ११ मुलं जोडाक्षराला अडतात. इमानेइतबारे एकेक नाव भरलं. वाटलं, वेळापत्रकात दोन तास वाढतील, नाहीतर पहिलीला शिकवून हात बसलेल्या एखाद्या बाई मदतीला मिळतील. मिळालं काय? एक रंगीत गोल आलेख, आणि मला प्रशिक्षणाची शिफारस. कुठल्या? जे मीच देतो त्या! ‘शाळा सुधारणा’ कप्पा उघडला तर ‘माहिती उपलब्ध नाही’. मग जुलैत मी कुणाला पत्र लिहीत होतो?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. सॉफ्टवेअर यांपैकी कशात बसतं याचा आम्ही स्टाफरूममध्ये बराच खल केला. बहुमत आपत्तीच्या बाजूनं पडलं.

बुधवारी पुन्हा चाचणीला बसलो. दारात त्या अकरांपैकी एक उभा. ऑफ तासाला वाचन घेईन असं मीच त्याला म्हटलं होतं, आणि दोन दिवस ‘उद्या ये’ म्हणून परत पाठवला होता. त्याला समजावेपर्यंत पडद्यावर पाटी आली. त्यानं बोट लावून वाचली, ‘‘तु-म-चे स-त-र... सतर स-मा-प-त झाले आहे. सर, सतर म्हंजे?’’

मी खुर्ची वळवली. खडू घेतला आणि फळ्यावर ‘त’ काढला, शेजारी ‘र’. दोघे एकमेकांना चिकटले की काय होतं ते त्याला दाखवत होतो, एवढ्यात मामा कप न्यायला आले. फळ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं.

‘‘सर,’’ हळूच म्हणाले, ‘‘ह्यो तास त्यात भरत न्हाई बरं का.’’