काळी चारमध्ये अडकलेलं गाणं

सात महिने. एक गाणं सात महिने माझ्या कॉम्प्युटरवर नुसतं वाजतंय, गात कुणीच नाही. ड्रम्स, बेस, गिटार सगळं जागच्या जागी आहे. मधोमध, गायक मिळेपर्यंत म्हणून, मी माझ्याच आवाजात गायलेलं डमी पडलंय आणि ते लागलं की मी स्वतःच हेडफोन काढून ठेवतो.

वर लोक सांगतात, गायक काय रे, छप्पन मिळतील! मिळतात हो. 'हो' म्हणणारे छप्पन मिळतात. 'दादा, ट्रॅक कडक आहे, या वीकेंडला गाऊन पाठवतो.' वीकेंड येतो, जातो, मी बावळटासारखा फोन उलटासुलटा करत बसतो. आणि रविवारी रात्री त्याच माणसाची स्टोरी दिसते. कराओकेवर जुनं हिट गाणं, डोळे मिटलेले, एक हात हवेत. म्हणजे घसा बसला नव्हता. वेळही होता!

अरे, नाही म्हणा ना. दोन अक्षरं आहेत. 'गाणं आवडलं नाही' म्हणा, 'माझ्या गळ्यात बसत नाही' म्हणा, मी काय मारणार आहे का? पण नाही. हे घोंगडं असं भिजत ठेवायचं की मी दुसऱ्या कुणाला विचारूही शकत नाही, कारण 'अरे मी करतोय ना' ऐकून तीनच आठवडे झालेले असतात.

मला वाटतं खरी गोम वेगळीच आहे. गाजलेलं गाणं गाताना श्वास कुठे घ्यायचा, हरकत कुठे घ्यायची, कुठला शब्द हलका सोडायचा हे सगळं आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. नव्या गाण्यात ते स्वतः ठरवावं लागतं. तिथे भल्याभल्यांची दातखीळ बसते. मग मेसेज निळे होतात आणि माणूस गायब.

सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते पट्टीच्या प्रकरणाने. गाणं मी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी 'सा' धरून, केलं होतं. एक ताई तयार झाल्या, आवाज खरंच सुंदर. म्हणाल्या, मला काळी चार लागेल. बरोबरच आहे, काळी एकमध्ये त्यांना मुखडा पाताळात गेला असता. मिडीवरचं, म्हणजे कॉम्प्युटरच वाजवतो ते, सगळं निवडून सात सेमीटोन (पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या धरून सात पट्ट्या) वर सरकवलं, दोन मिनिटांचं काम. पण गिटार मी खरी वाजवलेली. रेकॉर्ड केलेली गिटार सात सेमीटोन वर ओढली की खेळण्यातली वाटते. म्हणून पूर्ण परत वाजवली. तीन रात्री. बोटांची सालं निघाली. पाठवलं. उत्तर आलं अंगठ्याचं. नुसता अंगठा! त्यानंतर आजतागायत शब्द नाही.

जे पाठवतात त्यांचं निराळंच. मी स्पष्ट लिहितो: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, म्हणजे माझ्याकडे टाकली की ट्रॅकवर बरोबर बसेल. येते काय? व्हॉइस नोट. बोलणं पोचवायला पिळून काढलेला आवाज, मागे पंखा, आणि कडव्याच्या ऐन मध्यावर दाराची बेल. शिवाय ब्लूटूथ हेडफोन लावून गायलेलं. त्यात आवाज २०० मिलिसेकंद सहज उशिरा पोचतो. माझं गाणं ९२ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला ९२ मात्रा, एक मात्रा साधारण ६५० मिलिसेकंदांची. म्हणजे गडी जवळपास तिसरा हिस्सा मात्रा मागे, तेही छाती काढून. तेवढं मी ओढून जुळवलंही असतं, पण त्या बेलला कुठे ओढू?

आणि उच्चार! 'चांदणं'मधला च 'चंद्र'मधल्या चसारखा. 'आभाळ'चं 'आभाल'. मराठी गाणं आहे बाबा, ळ आपल्याकडे फुकट आहे, वापरा की.

ज्यांनी सरळ मानधन सांगितलं त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट तेच बरे. एकाला तर पूर्ण पैसे आधी दिले. 'ड्राय पाठव', म्हणजे आवाजावर काहीही इफेक्ट न लावता, असं तीनदा सांगितलं. साहेबांनी देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखा घुमणारा रिव्हर्ब लावूनच पाठवलं. कारण विचारलं तर म्हणे, 'तसं छान वाटतं ना.' अरे वाटतं छान, पण एकदा आवाजात मुरलेला रिव्हर्ब पुसता येत नाही धड! परत मागितलं तर मूळ फाइल डिलीट झालेली.

यावर सल्लागार मंडळी आहेतच. 'ऑटोट्यून लावून घे.' हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं, तेव्हापासून लोकांना वाटतं की त्यात बेडूक घातला की कोकिळा निघते. ते एका स्वच्छ आवाजाचा सूर जवळच्या स्वरावर सरकवतं, बस. श्वास, भाव, उच्चार यांच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि माइकमध्ये पंखा आणि ट्रॅक दोन्ही शिरले असतील तर नक्की कुणाला सरकवायचं हेच त्याला कळत नाही. दुसरा सल्ला, 'एआयकडून गाऊन घे.' मला माणूस हवाय. चुकणारा चालेल, श्वास घेणारा हवा.

आत्ताची परिस्थिती अशी की गाणं काळी चारमध्ये बसलंय, ताई गायब आहेत, आणि काल एक मुलगा तयार झालाय. आवाज भारदस्त, बोलणं सरळ. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, 'दादा, काळी एकमध्ये होईल का?'

जुनी गिटार मी डिलीट केली होती.