ऐकणारा अर्थ लावतो, म्हणजे वाटेल तो अर्थ लावतो असे नाही

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. 'अर्थ शब्दांच्या आत भरलेला नसतो, ऐकणारा तो अनुमानाने उभा करतो' या माझ्या लेखातील विधानावर आपला आक्षेप असा आहे की, हे मान्य केले तर बोलणाऱ्याची जबाबदारीच संपते आणि ज्याने त्याने सोयीचा अर्थ घ्यायला मोकळीक मिळते. शब्द नेमके वापरावेत एवढा एकच नियम संवादाला पुरेसा आहे, असे आपले म्हणणे आहे. शिवाय संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो, हे मी लिहिले नाही याकडेही आपण लक्ष वेधले आहे. पहिला मुद्दा खरोखर महत्त्वाचा आहे, म्हणून त्याविषयी विस्ताराने लिहितो.

'दार उघडे आहे' हे वाक्य पाहा. त्यात एकही शब्द संदिग्ध नाही. बाहेर थांबलेल्या पाहुण्याला ते 'आत या' असे सांगते, थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाच्या तोंडी ते दार लावून घेण्याची विनंती ठरते आणि भांडणाच्या भरात तेच वाक्य समोरच्याला निघून जायला सुचवते. यातला कोणता शब्द अधिक नेमका करावा? संस्कृत काव्यशास्त्रात मम्मटाने 'सूर्य मावळला' या वाक्याविषयी हेच दाखवले आहे: ऐकणारा कोण यानुसार ते काम थांबवण्याची, संध्या सुरू करण्याची किंवा गुरे घरी आणण्याची सूचना होते. अभिधेने, म्हणजे शब्दशः, मिळणारा अर्थ सर्वत्र सारखाच राहतो; व्यंजनेने, म्हणजे सूचनेतून, मिळणारा मात्र बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांच्यावर अवलंबून असतो.

पण अवलंबून असणे म्हणजे मोकाट असणे नव्हे. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत या अनुमानाची शिस्त मांडली. बोलणारा संवादाला सहकार्य करतो आहे, म्हणजे तो पुरेसे, खरे, विषयाला धरून आणि सुबोध बोलतो आहे, असे ऐकणारा गृहीत धरतो आणि त्या गृहीतकाच्या आधारे न बोललेला भाग भरून काढतो. 'अहवाल झाला का?' या प्रश्नावर कोणी 'आत्ताच संगणक सुरू केला' असे उत्तर दिले, तर त्यात 'नाही' हा शब्द नसूनही आपण 'नाही' असेच समजतो. आता अहवाल आदल्या दिवशीच पूर्ण झालेला असेल आणि 'नाही असे मी म्हटलेच नव्हते' असा बचाव तो माणूस पुढे करू लागला, तर त्याचे प्रत्येक अक्षर खरे असूनही त्याने आपली दिशाभूल केली असेच आपण म्हणू. माझ्या विधानाने बोलणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते, असे मी ठामपणे म्हणतो ते याचसाठी. उच्चारलेल्या शब्दांबरोबरच, जे समजले जाईल याची त्याला जाणीव होती, त्याचेही उत्तरदायित्व त्याच्यावर येते. 'शब्द नेमके होते' एवढ्यावर त्याला सोडून देणारा नियम तर आपलाच आहे.

ऐकणाऱ्यालाही यात सूट नाही. दहा भाषांतील संभाषणांच्या २००९ च्या अभ्यासात प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचेच अंतर आढळले. एखादा शब्द मनात जुळवून उच्चारायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच आपण त्याचा रोख ओळखून उत्तराची तयारी करत असतो. इतक्या घाईत लावलेला अर्थ चुकणारच, आणि म्हणूनच संवादात दुरुस्तीची सोय असते. बारा भाषांच्या २०१५ च्या अभ्यासात 'काय म्हणालात?', 'कोण?' किंवा 'म्हणजे उद्या ना?' अशा पृच्छा सरासरी दर दीड मिनिटाच्या आत एकदा येतात असे दिसले. अशी विचारणा हे निष्काळजी बोलण्याचे किंवा ऐकण्याचे लक्षण मानणे मला अन्यायाचे वाटते, कारण दोघांच्या मनातला अर्थ जुळला की नाही हे तपासायला एवढाच खात्रीचा मार्ग आहे.

लेखी मजकुरात हा मार्ग बंद होतो. औषधाच्या वेष्टनावरील सूचना किंवा करारातील कलम वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याकडे वळून विचारता येत नाही, त्यामुळे तिथे शब्दांच्या नेमकेपणाविषयी आपण धरलेला आग्रह मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र तो समोरासमोरच्या बोलण्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

७ टक्क्यांविषयी थोडक्यात. हा आकडा मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, हे सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याची छायाचित्रे यांवरून ओळखायचे, एवढाच त्यांचा विषय होता. भावना आणि आवडनिवड यांपलीकडच्या बोलण्याला हे सूत्र लागू पडत नाही, असे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. म्हणून तो आकडा मी लेखात घेतला नव्हता आणि यापुढेही घेणार नाही.