भुतांचा पाय चार्ट

डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीत एक झेरॉक्सचं दुकान लॉकडाऊनमध्ये बंद झालं, ते आजतागायत बंदच आहे. त्याच्या दोन पायऱ्या म्हणजे आमचा कट्टा. समोर चहाची टपरी, वर कुणाचा तरी गळका एसी. परवा तिथे मिल्याचा भाचा ओंकार मोबाइल नाचवतच आला. पोरगा मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सात मिनिटांची भयपट शॉर्टफिल्म करायचीय आणि कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी भयपटांचे प्रकार आणि त्यांचा प्रेक्षक यावर अभ्यास लिहून द्यायचाय.

"मामा, सर्व्हे झाला," म्हणाला. गूगल फॉर्म कॉलेजच्या ग्रुपवर टाकला होता, चाळीसेक जणांनी भरला. पाय चार्ट तयार, म्हणजे उत्तरांचे तुकडे पाडलेलं वर्तुळ. हॉरर आवडतो का, तर बहुतेकांचं 'हो'. कुठला प्रकार आवडतो, तर सगळ्यात मोठा तुकडा सायकॉलॉजिकलचा.

"खोटं बोलतात साले," संज्या लगेच म्हणाला. "सायकॉलॉजिकल लिहिलं की माणूस हुशार वाटतो. 'मला विहिरीतून वर येणारी बाई आवडते' असं कोण लिहून देणार?"

मिल्याने भाच्याची बाजू घेतली. निदान विचारलं तरी पोराने, तुझ्यासारखं मनाने ठोकून देत नाहीये, वगैरे. तेवढ्यात नानांनी चष्मा कपाळावर चढवला. नाना रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने रात्री काढलेला माणूस, त्यामुळे भुतांच्या बाबतीत कट्ट्यावर त्यांचा शब्द जड.

"ओंकार, रामसे माहितीयेत?"

"हो नाना. व्हायवाला विचारतात."

"मग त्यांनी सर्व्हे कसा केला तेही सांग."

ओंकारला ते काही माहीत नव्हतं. नानांनी ग्लास खाली ठेवला. रामसे म्हणजे हिंदीत भयपट काढणारे बाप आणि भाऊ. त्यांचा 1970 चा एक सिनेमा सपशेल पडला होता, 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'. त्यात एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करायला जातात. रामशांची पोरं थेटरात बसून बघत होती. बाकी सिनेमाला लोक जांभया देतायत, पण हा प्रसंग आला की सावरून बसतायत. पोरांनी बापाला सांगितलं, आपण अख्खा सिनेमाच असला करू. त्यातून 1972 मध्ये 'दो गज जमीन के नीचे' आला. शूटिंग महाबळेश्वरला, आणि सगळा घरचाच कारभार. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडला, कुमार लिहायला.

"त्यांनी कुणाला विचारलं नाही, तुम्हाला भुतं आवडतात का म्हणून," नाना म्हणाले. "माणूस खुर्चीत कधी हलतो ते बघितलं फक्त."

मला हे एकदम पटलं. आपण कशाला घाबरतो हे आपल्याला नीटसं माहीत नसतं, मग फॉर्मवर काय डोंबल लिहिणार? पण संज्याचं आपलं वेगळंच. त्याच्या मते रामशांकडे प्रेक्षक घाबरायला जातच नव्हता.

"चौऱ्याऐंशी साली 'पुराना मंदिर' मी कल्याणला बघितलाय," नाना म्हणाले. "त्यातला राक्षस सामरी आला की पुढच्या रांगेतली पोरं ओरडायची, अरे मागे बघ, मागे! आणि लगेच शिट्ट्या. भीती आणि मजा एकाच तिकिटात. त्यातच जगदीपचा 'शोले'ची नक्कल करणारा ट्रॅकसुद्धा होता."

"म्हणजे हॉरर-कॉमेडी काही 'स्त्री'पासून सुरू झाली नाही," मी म्हणालो.

"मी कॉमेडीला हॉरर मानतच नाही," संज्या. "एकदा हसलात की भीती संपली. 'मुंज्या' बघून कोण घाबरलं?"

"माझी मुलगी," अस्मिता म्हणाली. ती नर्स आहे, रात्रपाळी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं टेकते. "सात वर्षांची आहे. दोन रात्री पिंपळाच्या रस्त्याने चालेना. आणि संज्या, तू 'झपाटलेला' आलेला तेव्हा किती वर्षांचा होतास रे?"

संज्या गप्प. सिनेमा 1993 चा, हिशोब सोपा होता.

"हा माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायचा," अस्मिता आम्हाला सांगू लागली. "रामदास पाध्यांचा तो तात्या विंचू बघून आला आणि बहिणीची बाहुली चार दिवस गॅलरीत, पोत्यात बांधून. आता टीव्हीवर लागला की हाच डायलॉग म्हणतो. सिनेमा तोच. बाप हसतोय आणि शेजारी पोरगा उशीत तोंड खुपसून बसलाय. आता चार्टात कुठे टाकणार हा सिनेमा?"

ओंकार पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागला. त्याच्या फॉर्मवर वयाचा प्रश्न होता, पण नुसता रकाना भरायला. मी त्याला सांगितलं की 2023 च्या कायद्यातल्या बदलानंतर सेन्सॉरने यूए चे, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या सिनेमांचे, सुद्धा तीन भाग केलेत, सात, तेरा आणि सोळा वर्षांचे. म्हणजे सरकारलाही कळलंय की सातव्या वर्षीची भीती आणि सोळाव्या वर्षीची भीती सारखी नसते.

अस्मिता मात्र वयावर थांबली नाही. "बाईची भीतीसुद्धा वेगळी असते. 'लपाछपी'त ती गरोदर बाई उसाच्या फडात अडकते. ज्या घरात आसरा घेतलाय त्याच घरातल्या माणसांवर भरवसा ठेवावा का, हे तिला कळत नाही. मला भुताने नाही, त्या घराने घाबरवलं. विषय तर मुलींना गर्भात मारण्याचा. आमच्या वॉर्डात सासू विचारते ना, 'काय झालं?' आणि मुलगी म्हटलं की तिचा चेहरा बदलतो. तेवढं दाखव रे, पुरे आहे."

त्याच दिग्दर्शकाने, विशाल फुरियाने, पुढे 2021 मध्ये हिंदीत 'छोरी' केला, हे मिल्याने मोबाइलवर शोधून सांगितलं. भाच्यापेक्षा मामाचाच अभ्यास जास्त होत होता.

मग गाडी प्रकारांवर आली. ओंकारकडे पुस्तकातली यादी होती. स्लॅशर, झोंबी, फाउंड फुटेज, बॉडी हॉरर, फोक हॉरर. नानांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "आमच्या आजीची यादी यापेक्षा पक्की होती." मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा मेला की मुंजा, राहणार पिंपळावर. पाण्यात ओढतो तो गिऱ्हा. बाईचं भूत हडळ. सावंतवाडीकडचा देवचार, तो तर राखणदारच, त्याला उलट नारळ द्यायचा. आणि चकवा. चकव्याला रूपच नाही. माणूस रात्री ओळखीच्या वाटेने निघतो आणि उजाडेपर्यंत फिरून फिरून त्याच जागी येतो.

"बघ, प्रत्येकाचा पत्ता ठरलेला, कारण ठरलेलं, काय हवंय तेही ठरलेलं," नाना म्हणाले. "तुमचा जॉनर जॉनर म्हणजे दुसरं काय?"

हे ऐकून मिल्या एकदम उभाच राहिला. "चकवा! अरे, पैसे लागत नाहीत त्याला. ना मेकअप, ना भूत."

ओंकारचं बजेट सहा हजार, त्यातले दोन हजार आईकडून यायचेत. मी त्याला 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'ची गोष्ट सांगितली. साधारण पंधरा हजार डॉलरमध्ये झालेला सिनेमा, दिग्दर्शकाच्या स्वतःच्याच घरात. पण मिल्या ऐकत नव्हता, त्याला गोष्ट सापडली होती. शीळ रोडवरचं एखादं मोठं कॉम्प्लेक्स. सगळे टॉवर एकाच रंगाचे, एकाच उंचीचे. रात्री दीडला डिलिव्हरीचा मुलगा पार्सल घेऊन आत शिरतो. बी विंग शोधतोय. वॉचमन म्हणतो, सरळ जाऊन डावीकडे. तो जातो, आणि परत त्याच वॉचमनसमोर येतो.

"आवाज काय?" ओंकारने विचारलं.

अस्मिता म्हणाली, "लिफ्टचा. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडं टाकलंय आणि ती बाई बोलत राहते, कृपया दरवाजा बंद करें. माझ्या बिल्डिंगमध्ये पहाटे ऐकू येतं. मी जिन्याने जाते तेव्हा." हे बोलताना ती हसत नव्हती. टपरीवरचा पोऱ्या चहा गाळता गाळता आमच्याकडे बघत राहिला. त्याची गाळणी ग्लासाच्या बाहेर, चहा कठड्यावर सांडतोय आणि त्याला पत्ताच नाही.

नानांनी ओंकारला कोपराने ढोसलं. "हे लिहून घे. हा तुझा सर्व्हे."

संज्या अजून हटला नव्हता. त्याचं म्हणणं, चकवा वगैरे लोकांना कळणार नाही, डोंबिवलीत 'झोंबिवली' चालतो, लोकांना ठोस काहीतरी दिसावं लागतं. त्यावर मी 'तुंबाड' काढला. 2018 मध्ये थेटरात आला तेव्हा किती जणांनी बघितला? मग लोकांनी घरी मोबाइलवर, टीव्हीवर बघितला, एकमेकांना सांगितलं. 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. सिनेमा तोच होता, प्रेक्षक सहा वर्षांनी पोचला. आता या प्रेक्षकाला 2018 मध्ये फॉर्म पाठवून काय उत्तर मिळालं असतं?

"म्हणजे सहा वर्षं थांबू मी?" ओंकार म्हणाला. "सबमिशन पंधरा तारखेला आहे."

शेवटी व्यवहारी तोडगा निघाला. पाय चार्ट राहू दे, मार्क त्यालाच आहेत. पण त्याच्यापुढे दोन पानं निरीक्षणाची जोडायची. कच्चा कट तयार झाला की पाच-सहा माणसांना दाखवायचा आणि दुसरा मोबाइल त्यांच्या चेहऱ्यावर लावून ठेवायचा, आधी विचारून अर्थात. कोण कुठल्या सेकंदाला हलला, कुणी मान वळवली, कोण हसला, एवढंच टिपायचं. वेगवेगळ्या वयाचे घ्यायचे, दोन बायका, एक टपरीवरचा पोऱ्या. आणि एकदा एकेकट्याला दाखवायचा, एकदा सगळ्यांना एकत्र बसवून. कारण नानांचं म्हणणं, एकटा माणूस घाबरतो तिथे टोळकं शिट्टी मारतं.

ओंकारने तिथेच नावं लिहायला घेतली. नाना, अस्मिता, मी, पोऱ्या. संज्याला विचारलं तर म्हणाला, "लिही की. मला काय होतंय!"

"शनिवारी रात्री दहाला, मामाच्या घरी. लाइट बंद करून, एकेकाला."

संज्याने उरलेला चहा एका घोटात संपवला.

"रात्री नको रे, मला सकाळी लवकर उठायचं असतं," तो म्हणाला. "दुपारी ठेव."