चार खलिफा मतदानाने निवडले आणि मुआवियांनी एका दिवसात घराणेशाही आणली? नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: पैगंबरांनंतरचे चार खलिफा जनतेने मत देऊन निवडले, मग मुआवियांनी (सिरियाचे सुभेदार, नंतर खलिफा) एका दिवसात घराणेशाही आणली आणि सगळे गप्प बसले. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि तिसरी वाचून तर राग येतो.

मतदान कुठलं? ६३२ मध्ये पैगंबर गेले तेव्हा मदिनेतले अन्सार (पैगंबरांना साथ देणारे स्थानिक मुसलमान) सकीफा नावाच्या मांडवात जमले, तिथे अबू बकर आणि उमर पोचले, जोरदार वादावादी झाली आणि तिथल्या तिथे अबू बकर यांच्या हातावर बैअत म्हणजे निष्ठेची शपथ झाली, पैगंबरांचे जावई अली तर तिथे नव्हतेच. पुढे उमरना अबू बकर यांनीच नेमलं. ६४४ मध्ये उमर यांच्यावर खंजिराचे वार झाले, वाचणार नाही हे कळल्यावर त्यांनी सहा जणांची शूरा म्हणजे सल्लामसलतीची समिती नेमली आणि बजावलं की माझा मुलगा अब्दुल्ला सल्ल्यापुरता बसेल, खलिफा होणार नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. सहापैकी अब्दुर्रहमान इब्न औफ यांनी स्वतःचं नाव मागे घेतलं, मदिनेत लोकांना विचारत फिरले आणि उस्मान ठरले. म्हणजे मसलत खरी होती, पण कुरैश या मक्केतल्या टोळीच्या मोजक्या माणसांपुरती, आणि भांडण झालं तर काय करायचं याचा नियमच नव्हता. ६५६ मध्ये उस्मानना घरात घुसून मारलं तेव्हा ते उघडं पडलं.

एका दिवसात पण नाही. उस्माननंतर खलिफा झालेल्या अलींच्या खुनानंतर ६६१ मध्ये इराकमधल्या कूफा शहराने त्यांचेच पुत्र हसन यांना बैअत दिली होती, म्हणजे बापामागे मुलगा ही कल्पना त्या बाजूलाही होती. हसन यांनी मुआवियांशी तह करून हक्क सोडला. नंतर मुआवियांनी हयातीतच, मरणाच्या बरंच आधीपासून, मुलगा यजीदसाठी बैअत गोळा करायला घेतली.

आणि गप्प? हसन यांचे भाऊ हुसेन आणि पैगंबरांच्या एका साथीदाराचे पुत्र अब्दुल्ला इब्न जुबैर यांनी बैअत नाकारली, अबू बकर यांच्या मुलाने तर, जुन्या इतिहासकारांच्या म्हणण्याप्रमाणे, ही रोमच्या बादशहा हिरॅक्लियसची, म्हणजे बापामागे मुलगा, अशी रीत आहे असं तोंडावर सुनावलं. ६८० मध्ये करबला झालं, म्हणजे तिथे यजीदच्या फौजेने हुसेनना मारलं (आपल्याकडे मोहरमला ताबूत बसतात ते याच आठवणीत), ६८३ मध्ये मदिनेने यजीदची बैअत मोडली तर हर्राच्या लढाईनंतर शहर लुटलं गेलं, मक्केत इब्न जुबैर ६९२ पर्यंत झुंजले. यजीद गेल्यावर ६८४ मध्ये तर उमय्यांच्या, म्हणजे मुआवियांच्या घराण्याच्या, समर्थकांनाच सिरियातल्या जाबियाला बैठक घ्यावी लागली, यजीदचा मुलगा खालिद लहान म्हणून त्याच घराण्यातल्या मरवानला निवडलं, त्याच्यामागे खालिद असं ठरलं, आणि मरवानने ते मोडून स्वतःच्या मुलाला, अब्दुल मलिकला, वारस केलं.